कुत्रीचं इन्शुलिन आणि आपली चळवळ

गेल्या वर्षी आपल्या गटाची बैठक ऐन रंगात आली असताना पावणेसातला मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "निघते. सातला कुत्रीला इन्शुलिन द्यायचं असतं." खोलीत हशा पिकला. एकजण म्हणाली, "सासूचं झालं, पोराचं झालं, आता कुत्रीचं काढलंस होय!" मीही हसले. रिक्षात बसल्यावर मात्र मला राग आला. मुलगा तापानं फणफणला म्हणून मी उठले असते तर कुणी हसलं नसतं. सासूबाईंचं डायपर बदलायला उठले असते तर दोघींनी उसासा टाकला असता. ते 'शोषण' असतं, आणि कुत्रीचं ते 'लाड'. हा लेख म्हणजे त्या हशाला माझं उत्तर आहे.

चंपी आमच्याकडे आली ती मुलाच्या हट्टानं. पावसाळ्यात कुणीतरी सोसायटीच्या फाटकाशी खोक्यात टाकून दिलेलं पिलू. मादी होती, म्हणूनच टाकलेली. नरांना लगेच घरं मिळतात. "मीच करीन सगळं तिचं," असं मुलानं तेव्हा सांगितलं होतं. नवऱ्यानं नाव ठेवलं. बाकीचं सगळं माझ्याकडे आलं, आणि कसं आलं ते मला आजही सांगता यायचं नाही. कुणी वाटणी केली नव्हती. वाटणी न करताच जे वाटलं जातं, ते कुणाच्या पदरात पडतं हे तुम्हाला मी काय सांगावं!

नवव्या वर्षी चंपी बादलीभर पाणी पिऊ लागली, घरभर मुतू लागली, भरपूर खाऊनही वाळू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासून मधुमेह असल्याचं सांगितलं. कुत्र्यांच्या मधुमेहाला सहसा गोळ्या चालत नाहीत, जन्मभर इन्शुलिन टोचावं लागतं. नसबंदी न केलेल्या कुत्रीला हा धोका जास्त. माजावर येऊन गेल्यावर तिच्या अंगात जी संप्रेरकं वाढतात, ती इन्शुलिनला नीट काम करू देत नाहीत. "ऑपरेशन वेळेवर का नाही केलंत?" असं डॉक्टरांनी विचारलं ते माझ्याकडे बघून. शेजारी नवरा उभा होता. पुढचा प्रश्नही मलाच होता, "दिवसभर घरी कोण असतं? तुम्हीच ना?" मी घरी नसते, नोकरी करते, हे सांगेपर्यंत त्यांनी कागद माझ्या हातात दिला होता.

आता त्या कागदावरचं काम ऐका. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, बारा तासांच्या अंतरानं खाणं आणि सुई. आधी ती खाते आहे ना, हे बघायचं. नाही खाल्लं तर नेहमीची मात्रा द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची. सुई लाल टोपीचीच, कारण आमची बाटली ४० ची आहे. केशरी टोपीची १०० ची असते आणि दोन्हींची गल्लत झाली तर मात्रा अडीच पटींनी चुकते. कातडी चिमटीत धरून टोचायचं. कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब काढून साखर बघायची. पाणी किती प्यायली, लघवी किती झाली, वजन किती, सगळं लिहून ठेवायचं. सुया संपायच्या आधी आणायच्या. टोचायला अर्धं मिनिट लागतं. बाकीचे चोवीस तास हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं, आणि या डोक्यात ठेवण्याला कुणी काम म्हणत नाही.

मग सोलापूरचं शिबिर आलं. दोनच दिवसांचं. मी बापलेकांना सगळं दाखवलं, लिहून दिलं, निघताना पुन्हा सांगितलं. शनिवारी सातला मुलानं सुई दिली आणि तो मित्रांकडे गेला. साडेसातला नवरा आला, त्याला माझं सांगणं आठवलं आणि त्यानंही दिली. कुणी कुणाला विचारलं नाही. रात्री साडेदहाला चंपी लडखडून पडली, पाय झाडू लागली. मुलाचा रडत फोन आला. मी सोलापुरातून ओरडून सांगत होते, "मध हिरड्यांना चोळ, घशात ओतू नकोस, आणि पळा दवाखान्यात!" सलाइनमधून साखर दिली तेव्हा ती वाचली.

मध्यरात्री नवऱ्याचा फोन आला. पहिलं वाक्य होतं, "तू घरी असतीस तर हे झालं नसतं."

मैत्रिणींनो, या वाक्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. घरात दोन धडधाकट, शिकलेले पुरुष होते. चूक दोघांनी मिळून केली. आणि अपराध कुणाचा, तर तीनशे मैलांवर नव्हे, जेमतेम अडीचशे किलोमीटरवर शिबिराला गेलेल्या बाईचा! आणखी वाईट म्हणजे, रात्रभर मलाही तेच वाटत राहिलं.

दुसरं वाक्य परतल्यावर ऐकलं. "किती हाल करायचे तिचे? झोपवून टाकू." ज्यानं वर्षभरात एकदाच, आणि तीही चुकीची, सुई टोचली होती, तो तिच्या मरणाचा निर्णय द्यायला मोकळा होता. असाध्य वेदना असतील तर तोही विचार करावा लागतो, मी करीन. पण ही वेदना तिची नव्हती, गैरसोय घराची होती. ज्यांनी राबायचं त्यांनी गप्प बसायचं आणि ज्यांनी राबायचं नाही त्यांनी निकाल द्यायचा, ही रीत आपण कुठे कुठे पाहिली आहे ते आठवा.

आजवर आपल्याला काय सांगितलं गेलं? मूल बाईनं सांभाळावं, कारण ते तिच्या पोटचं, तिच्या दुधावरचं. तो निसर्ग. सासू-सासऱ्यांचं करावं, कारण तो धर्म, ते संस्कार. बरं, मग चंपी? ती माझ्या पोटची नाही, माझ्या कुळाची नाही. तिला इन्शुलिन टोचावं असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. ते टोचायला गर्भाशय लागत नाही. तरी ती सुई माझ्याच हातात आली. म्हणजे निसर्ग आणि धर्म या दोन्ही सबबी होत्या, हे माझ्या घरात एका कुत्रीनं सिद्ध केलं. हात मोकळा असो नसो, बाईचा असला की काम त्या हाताकडे जातं.

सरकारनं देशभर लोकांच्या वेळाची मोजणी केली. २०१९ मध्ये दिवसभरात बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यात बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं, तर बाईची २८९ आणि पुरुषाची ८८. पाच वर्षांत बाईचं ओझं दहा मिनिटांनी हलकं झालं, पण ती दहा मिनिटं पुरुषानं उचलली नाहीत. त्यानंही आपली नऊ कमी करून घेतली! आणि या मोजणीच्या वर्गवारीत पाळीव जनावरांची देखभाल 'सेवा-शुश्रूषे'त येत नाही, भांडी-धुण्याच्या शेजारी घरकामात येते. माझी सुई आणि माझी घासणी एकाच रकान्यात!

कुणी विचारेल, "माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" माणसांना इन्शुलिन मिळावं म्हणून मोर्चा काढा, मी पहिल्या रांगेत असेन. पण चंपीला उपाशी ठेवून ते कुणाला मिळणार नाही. शिवाय हा प्रश्न बायकोच्या हातातल्या सुईला विचारतात, नवऱ्याच्या दुसऱ्या मोटारसायकलला विचारत नाहीत.

मात्र एक प्रश्न मला टाळता येत नाही. चंपी घरभर मुतत होती त्या दिवसांत फरशी कोण पुसत होतं? आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई. मी त्यांना विचारलं नाही, पगार वाढवला नाही. माझ्यावर जे न बोलता लादलं गेलं, ते मी न बोलता त्यांच्यावर लादलं. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या, तो इतिहास मी शिबिरांत सांगते आणि घरी हे करते! ताईंनीच एक दिवस बादली खाली ठेवून सांगितलं, "हे माझ्या कामात बोललं नव्हतं, बाई." आता ते वेगळं ठरलं आहे, वेगळे पैसे देऊन.

ताई बादली खाली ठेवू शकल्या. मी सुई खाली ठेवू शकत नव्हते. संप केला असता तर नवऱ्याचं काही बिघडलं नसतं, चंपी मेली असती. सेवा करणाऱ्या बाईची कोंडी हीच आहे, तिच्या असहकाराची शिक्षा नेहमी मुक्या जिवाला होते. म्हणून मी सुई टाकली नाही, पण डोक्यातलं ओझं टाकलं. फ्रीजवर वही टांगली. ज्यानं टोचलं त्यानं सही करायची, सही दिसली तर दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सकाळ नवऱ्याची, संध्याकाळ मुलाची, रविवार माझा. सुया आणणं, नोंदी, दवाखाना, तेही त्या-त्या महिन्याच्या माणसाकडे. "मी तुला मदत करतो" हे वाक्य घरात बंद केलं. मदत दुसऱ्याच्या कामात करतात.

सोपं गेलं नाही. पुढच्या शिबिरात मला फोन आला, "सुया संपल्यात, आता?" मी म्हटलं, "दुकान नऊपर्यंत उघडं असतं." फोन ठेवला आणि हात थरथरत होता. पण सुया आल्या. चंपीला आता मोतीबिंदूनं दिसत नाही, मधुमेही कुत्र्यांना तो बहुधा होतोच. सातला ती वासावरून फ्रीजपाशी जाऊन उभी राहते. तिथे कोण येईल याची तिला पर्वा नाही. पर्वा आपल्याला करायची आहे.

म्हणून आपल्या गटाकडे माझ्या मागण्या आहेत. बैठकीची वेळ ठरवताना प्रत्येकीला विचारा, त्या वेळी तुझ्या घरात कुणाचं काय असतं? मूल, म्हातारं, अंथरुणाला खिळलेलं माणूस, आजारी जनावर, काहीही. कोण निघाली तर हसू नका, आणि उसासाही टाकू नका. तिला विचारा, "आज तुझ्याऐवजी घरी कोण करू शकलं असतं, आणि का केलं नाही?" गावाकडच्या मैत्रिणी गाभण म्हशीसाठी, लंगड्या शेळीसाठी रात्री जागतात. त्यांनाही विचारा, त्या आपल्यापेक्षा जास्त सांगतील. पुढच्या बैठकीला मी माझी फ्रीजवरची वही आणते. तुम्ही तुमच्या घरची वही आणा. नसेल तर आज रात्री टांगा.