विभागाशी बिनसलं, संशोधनाशी नाही

पीएचडी प्रवेशाच्या जाहिराती निघाल्या की जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. यंदा एकीनं विचारलं, "मॅडम, आमच्या विभागाशी माझं वाजलंय. आता मला कोण घेणार?"

ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेऊन तिनं एम.ए.चा लघुप्रबंध लिहिला होता. पुढं त्यातली कोष्टकं जशीच्या तशी मार्गदर्शकांच्या शोधनिबंधात छापून आली. तिचं नाव तळटीपेतही नव्हतं. तिनं विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार केली. निबंधाचं काहीच झालं नाही. 'मुलगी भांडखोर आहे' ही ख्याती मात्र झाली.

तिची भीती खोटी नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणे प्रवेश परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. एकेका विषयातली माणसं ती कितीशी! समोरचे तज्ज्ञ जुन्या प्रमुखांना ओळखत असण्याचीच शक्यता जास्त. मुलाखतीच्या आदल्या दिवशीचा एक फोन त्या ३० टक्क्यांना पुरतो.

तरीही अर्ज करायचाच, असं मी तिला बजावलं. आधी मूळ कागदपत्रं ताब्यात घे. विभाग ती अडवून धरत असेल, तर यूजीसीच्या २०२३च्या नियमांत तेही तक्रारीचं कारण आहे. तक्रार निवारण समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यानंतरही समाधान झालं नाही तर लोकपालांकडे जाता येतं. शिफारसपत्र त्या मार्गदर्शकांकडे मागूच नको. हातचं राखून लिहिलेलं पत्र जोडण्यापेक्षा, तिचं काम खरोखर वाचलेल्या दुसऱ्या शिक्षकांचं पत्र कितीतरी मोलाचं.

मुलाखतीत वादाचा विषय निघाला तर लपवायचं नाही आणि पाल्हाळही लावायचं नाही. काय घडलं, कुठं तक्रार केली, ती आज कुठं अडली आहे, एवढं सांगून थेट आराखड्यावर यायचं. उचल, मुकादम, तळावरचं बाळंतपण यावर ती बोलू लागली की ऐकणाऱ्याला तिची तयारी कळतेच. आणखी एक: प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. कुणाकडे जागा आहे ते आधीच विचारून ठेवावं. जागाच नसल्यानं आलेला नकार मुलं उगाच त्या जुन्या भांडणाच्या खात्यावर मांडतात आणि खचतात.

पण सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. मुलाखत समितीवर बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. अर्जदाराबद्दल काही कानावर आलं असेल, तर ते तिला समोर विचारा आणि उत्तर द्यायची संधी द्या. जुन्या विभागप्रमुखांशी तुमचा घरोबा असेल, तर तेवढ्या मुलाखतीपुरते समितीतून बाजूला व्हा.