मधले पाच दिवस

झावळ्यांच्या रविवारी बहुतेक चर्चमध्ये एकच प्रवचन ऐकू येतं. रविवारी ‘होसान्ना’ म्हणणारा जमाव शुक्रवारी उलटला, माणसांचा भरवसा नाही. ऐकायला पटतं, कारण गर्दीला नावं ठेवायला काही लागत नाही. शिवाय त्याच मिस्सेत येशूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त वाचला जातो आणि त्यातलं जमावाचं बोलणं भाविकांनी म्हणायचं असतं. हातात झावळी आणि तोंडी क्रूसावर खिळण्याची मागणी. अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. पण शुभवर्तमानं नीट वाचली तर जमाव उलटल्याचा हा आरोप टिकत नाही.

येशूबरोबर यरुशलेमात शिरले ते त्याचे शिष्य आणि वल्हांडणाच्या सणाला आलेले यात्रेकरू. शहर खडबडून जागं झालं आणि विचारू लागलं, हा कोण? मंदिरात पोरं ओरडत होती, याजक चिडले होते, शिष्यांना गप्प कर असं परुशी त्यालाच सांगत होते. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो शहराकडे बघून रडला. पुढचे दिवस तो मंदिरात शिकवत राहिला आणि लोक पहाटेपासून ऐकायला येत राहिले. लोक त्याच्या बाजूचे होते म्हणूनच तर दिवसाढवळ्या त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. मशाली घेऊन, रात्री, बागेत जाऊन धरावं लागलं. जमाव फिरला असता तर रात्र कशाला हवी होती? पिलातापुढे सकाळी ओरडणाऱ्यांना मुख्य याजकांनी चिथावलं होतं. रविवारचे यात्रेकरू तेच, असं कोणताही शुभवर्तमानकार म्हणत नाही. या गर्दीच्या नावाने युरोपात ज्यूंचे किती हाल झाले हे आपण विसरता कामा नये. त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर हा दोष लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला १९६५ साली लिहून द्यावं लागलं.

मला जास्त जड वाटते ती योहानाच्या बाराव्या अध्यायातली गोष्ट. प्रवेशाचं वर्णन झाल्यावर तो थोड्याच अंतरावर सांगतो की अधिकाऱ्यांपैकीही पुष्कळांचा येशूवर विश्वास बसला होता, पण सभास्थानातून बाहेर काढतील या भीतीने ते उघडपणे काही बोलले नाहीत. ही माणसं वाईट नव्हती. त्यांना सत्य कळलं होतं आणि बैठकीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. रविवार ते शुक्रवार ते गप्प बसले.

आपल्याकडे हा रविवार फार देखणा असतो. ठाण्यात तलावपाळीच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चपासून कल्याण-डोंबिवलीच्या चर्चपर्यंत ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगळुरी, तमिळ आणि नगर-जालन्याकडून आलेली मराठी कुटुंबं हातात झावळ्या धरून चालतात. मलयाळी घरांत आदल्या दिवशी तांदळाच्या पिठात गूळ-खोबरं भरून, आपल्या मोदकाच्या जवळचा, कोळुक्कट्टा होतो आणि रविवारी नारळाची न उलगडलेली पिवळसर कोवळी पाती हातात येते. त्या पातीची घडी घालत घालत आजी क्रूस विणते, तो देवाच्या तसबिरीमागे खोचला जातो आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारसाठी जाळायला चर्चमध्ये परत दिला जातो. फाटकाशी शेजारपाजारचे हिंदू थांबतात, कोणी पोरासाठी एक पाती मागून घेतं. कल्याणला शाळा शिकलेले मराठी कवी नारायण वामन टिळक अशांना दारातून परत पाठवणारे नव्हते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो मानला नाही. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा समुदाय उभा केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठी.

पण सोमवार उजाडतो. सोसायटीच्या सभेत विषय निघतो की तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने ‘त्यांना’ देऊ नका. ‘ते’ म्हणजे कधी मुसलमान, कधी मासे-मटण खाणारे, कधी एकटी राहणारी नोकरदार मुलगी, आणि कधी आपणच. सेक्रेटरी सगळ्यांकडे नजर फिरवतो. कालच्या मिरवणुकीत पुढे असलेला आपला माणूस मोबाइलमध्ये डोकं घालतो. त्याला माहीत असतं हे चूक आहे. उद्या पार्किंगवरून, पाण्यावरून आपल्यालाच त्रास देतील ही भीतीही खरी असते. ठराव कागदावर येत नाही, पण फ्लॅट ‘त्यांना’ मिळत नाही.

हे ठाण्यात घडतं याचं मला विशेष दुःख आहे. १३२१ साली याच ठाण्यात थॉमस, जेम्स, पीटर आणि डिमेट्रियस हे चार परके फ्रान्सिस्कन उतरले. इथल्या कोणाशी रक्ताचं नातं नव्हतं. त्यांना राहायला घर दिलं ते इथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने. पंथही एक नव्हता, यजमान नेस्तोरियन होते. एप्रिलमध्ये चौघांनाही मारण्यात आलं. काही वर्षांतच ओदोरिक नावाचा त्यांच्याच संघाचा प्रवासी आला, त्यांच्या अस्थी गोळा करून चीनला घेऊन गेला आणि ठाण्यात ख्रिस्त्यांची १५ घरं असल्याचं आपल्या वृत्तान्तात सांगितलं. पंधरा घरांच्या वस्तीत परक्याला खोली देणं सोपं नसणार. आज आपली घरं हजारोंनी आहेत.

योहानाच्या त्या गप्प बसलेल्या अधिकाऱ्यांपैकी दोघे नंतर उघडपणे पुढे आले. अरिमथाईचा योसेफ भीतीपोटी लपून शिष्य राहिला होता. येशू मेल्यावर तो पिलाताकडे गेला आणि देह मागितला. निकदेम सुमारे शंभर रत्तल गंधरस आणि अगरू घेऊन आला. तोवर शुक्रवारची संध्याकाळ झाली होती.

तेव्हा धर्मगुरूंना माझी विनंती आहे. यंदा झावळ्यांच्या रविवारी जमावाला बोल लावू नका, भाड्याच्या घरांबद्दल बोला. आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या प्रत्येक पॅरिशने चर्चच्या फलकावर आपल्या लोकांच्या रिकाम्या घरांची यादी लावावी. त्यात भाडं, डिपॉझिट आणि मजला एवढंच असावं. जात, धर्म आणि ताटातलं जेवण विचारू नये. सभेत कोणी हरकत घेतली तर घरमालकाबरोबर पॅरिशचे चार जण जाऊन बसतील, हेही त्याच फलकावर लिहावं.