अंगवळणी पडलेल्या ओझ्याने ताकद वाढत नाही

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" वस्तीत व्यायामाचा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, सिमेंटची ५० किलोची गोणी पाठीवर घेणारा मजूर, पहाटे रस्ता झाडणारी ताई, यांना "जरा हालचाल करा" असे सांगणे म्हणजे त्यांची थट्टाच. पण राबणे आणि ताकद कमावणे या दोन गोष्टी एक नाहीत. हा फरक आपल्या घराघरात कळला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या कामाचा पहिला आठवडा आठवून पाहा. अंग आंबते, रात्री पाय ठणकतात. महिन्याभरात ते थांबते, कारण स्नायू त्या कामापुरते बळकट झालेले असतात. पुढे दहा वर्षे तेच ओझे उचलले तरी स्नायूंना आणखी बळकट होण्याचे कारण उरत नाही. थकवा मात्र रोजचा, आणि झीजही रोजची. शिवाय कामाचे ओझे आपण ठरवत नाही. कंबर दुखते म्हणून आज हंडा अर्धाच भरू, असे म्हणता येत नाही. वाकायचे ते एकाच बाजूला, आणि सुट्टी घेतली तर खाडा. व्यायामात वजन किती, वेळा किती, विश्रांती कधी, हे आपल्या हातात असते. मोठा फरक हाच आहे.

व्यायाम करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. गेली पाच वर्षे रोज २० बैठका मारणाऱ्याची तब्येत टिकून राहते, पण ताकद २० बैठकांपाशीच थांबते. पुढे जायचे तर सवयीच्या थोडे पलीकडे जावे लागते. एकदम नाही, थोडे थोडे.

हे मी मनाने सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म हे डॉक्टर अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करत होते. दुखावलेल्या पायाला हलके वजन देऊन पुष्कळ वेळा हलवायला लावायचे, अशी तेव्हाची रीत होती. डिलॉर्म यांनी ती उलटी केली. वजन जड, वेळा थोड्या, आणि जमू लागले की वजन वाढवायचे. सैनिकांची ताकद लवकर परत आली. त्यांनी १९४५ साली ही पद्धत छापून प्रसिद्ध केली आणि आज जगभर तोच नियम पाळला जातो.

"हे तरुणांचे झाले, म्हाताऱ्यांचे काय?" असे कोणी विचारील. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रातील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातील माणसांचे सरासरी वय ९० होते. देखरेखीखाली आठ आठवडे त्यांच्याकडून पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला आणि वजन वाढवत नेले. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीच पटीच्याही वर गेली. नव्वदीतले स्नायू वाढतात, तर साठीतली आपली आई कायमची खाटेला का टेकवायची?

आपण प्रेमापोटीच तिला म्हणतो, "आई, तू बस, मी करते." या प्रेमाने तिचे पाय मात्र दुबळे होतात. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. मग देशी संडासातून उठता येत नाही, चाळीचा जिना चढवत नाही, आणि एक दिवस मोरीत पाय घसरतो. खुब्याचे हाड मोडले की दवाखान्याचा खर्च येतो आणि तिच्यापाशी बसायला घरातल्या एकाची रोजीही बुडते. साखरेचा आजार असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वात जास्त स्नायूच साठवतात. स्नायू घटले की ती जागाच कमी होते.

करायचे काय? मशीन नको, फी नको. भिंतीला टेकवलेली एक खुर्ची घ्या. हाताचा आधार घेऊन पाच वेळा उठा-बसा. ते सहज जमले की आठ, मग दहा. मग हाताचा आधार सोडा. तेही जमले की पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली छातीशी धरा, ते झाले एक किलो. पुढे दोन बाटल्या, पुढे पाच लिटरचा कॅन. दंडासाठी आधी भिंतीला जोर, मग ओट्याला, मग जमिनीवर. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात, पण अंग वेडेवाकडे होता कामा नये. "अजून पाच सहज झाले असते" असे वाटले तर वाढवायची वेळ आली. आठवड्यातून किमान दोन दिवस हा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ६५ वर्षांवरील माणसांनी तोल सांभाळण्याच्या व्यायामासह तो तीन दिवस करावा.

आता आपल्या पोरांसाठी दोन शब्द. जिममध्ये पहिल्याच महिन्यात फोटोसाठी भलते वजन उचलणे ही हिंमत नव्हे. आणि कोणी सुई किंवा गोळी पुढे केली तर तिथून निघून या. दंड फुगवणारी ती औषधे हृदय आणि लिव्हर खराब करतात, मूल होण्याची शक्तीही घालवू शकतात. अंडी, सुकट, डाळ, चणे, सोयाबीन, शेंगदाणे यांतूनही प्रथिन मिळते.

कष्ट सोसण्याची आपल्याला एवढी सवय आहे की दुखणेही आपण सोसतो. इथे ते करू नका. स्नायू एक-दोन दिवस आंबणे ठीक आहे. सांध्यात कळ, छातीत दुखणे, चक्कर, किंवा लघवी चहाच्या रंगाची होणे हे ठीक नाही. थांबा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. हृदयविकार, खूप वाढलेले ब्लड प्रेशर, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा दिवस गेलेले असतील तर आधी विचारून घ्या. वजन उचलताना श्वास कोंडू नका.

महिला मंडळांनी आणि तरुणांनी हे मनावर घ्यावे. विहाराच्या सभागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास ठेवावा. एक वही ठेवावी आणि कोण किती वेळा उठले-बसले ते नावासमोर लिहावे. पुढच्या महिन्यात आकडा तोच राहिला तर व्यायाम वाढवा, आणि मागच्या रांगेत बसलेल्या आजीचे नावही त्या वहीत असू द्या.