चाचणीने नेमके काय विचारले?



तुमच्यापैकी कोणी नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली किंवा चंद्रपूर भागात राहत असाल, तर ‘सिकलसेल’ हा शब्द तुम्हांला नवा नसेल. शाळेत आरोग्य खात्याची माणसे येतात, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि निकालाची चिठ्ठी हाती देतात. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असे तिचे उद्दिष्ट ठरले. म्हणजे अशा चिठ्ठ्या पुष्कळ घरांत जाणार.

आता समजा, तुमच्या वर्गातील एका मुलीच्या चिठ्ठीवर ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द आहे. घरात रडारड सुरू होते. शेजारीपाजारी कुजबुजतात. हिचे लग्न कसे होणार, हा प्रश्न आत्तापासूनच आजीला पडतो. आणि ती मुलगी तर ठणठणीत असते! कालच कबड्डीच्या सामन्यात ती खेळून आलेली असते.

हा घोटाळा कोणी केला? माझ्या मते रोगाने नव्हे आणि चाचणीनेही नव्हे. तो आपल्या विज्ञान शिकवण्याच्या रीतीने केला. प्रथिने, जनुके आणि पेशी यांबद्दलची उत्तरे आपण पाठ करतो. पण ती उत्तरे कोणत्या पद्धतीने मिळाली, हे विचारण्याची सवय आपल्याला कोणी लावत नाही.

ही सवय का हवी, ते याच रोगाच्या कहाणीवरून पाहू.

१९०४ साली शिकागोमध्ये ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला एक तरुण रुग्णालयात दाखल झाला. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा काही तांबड्या पेशी गोल चकतीसारख्या नसून विळ्यासारख्या वाकड्या दिसल्या. जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाने आकार सांगितला. पेशी वाकड्या का होतात, हे सांगणे त्याच्या आवाक्यात नव्हते.

पुढचा प्रश्न प्रथिनाला विचारावा लागला. तांबड्या पेशी हीमोग्लोबिन या प्रथिनाने गच्च भरलेल्या असतात. १९४९ मध्ये लाइनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांचे सहकारी यांनी हे हीमोग्लोबिन द्रावणात घेऊन त्यातून वीज खेळवली. प्रथिनाच्या रेणूवर विद्युत्‌भार असतो, त्यामुळे तो एका ध्रुवाकडे सरकू लागतो. भार वेगळा, तर चालही वेगळी. या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. निरोगी माणसाचे हीमोग्लोबिन एका चालीने गेले, रोग्याचे दुसऱ्या. आणि गंमत पाहा, ज्यांच्यात या रोगाचा अंश होता पण ज्यांना त्रास काही नव्हता, अशा माणसांच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हीमोग्लोबिन सापडले! अशा माणसांना आपण ‘वाहक’ म्हणतो. एका रेणूतील बिघाडामुळे रोग होतो, हे तेव्हा प्रथमच दिसून आले.

पण भारातला हा फरक कशामुळे? त्याचे उत्तर केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी काढले. ट्रिप्सिन या पाचक विकराने त्यांनी हीमोग्लोबिनचे तुकडे केले. हे तुकडे ओल्या कागदावर एका दिशेने विजेच्या साहाय्याने पसरवले. मग कागद काटकोनात फिरवून द्रवाच्या ओढीने दुसऱ्या दिशेने पसरवले. कागदावर ठिपक्यांची नक्षी उमटली. निरोगी आणि रोगी हीमोग्लोबिनच्या नक्षी शेजारी ठेवल्या, तर सुमारे तीस ठिपक्यांपैकी एकच ठिपका जागेवरून हललेला! १९५७ मध्ये त्याचे मर्म कळले. हीमोग्लोबिनमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. त्यांपैकी १४६ ॲमिनो अम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन बसले होते. ग्लुटामिक अम्लावर ऋण भार असतो, व्हॅलीनवर भार नसतो. पॉलिंग यांना दिसलेल्या चालीतील फरकाचे कारण हेच.

आणि जनुक? ते वाचण्याची साधने फार पुढे आली. एवढ्याशा डीएनएच्या लक्षावधी प्रती काढणाऱ्या पीसीआर पद्धतीवरचा पहिला शोधनिबंध १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही याच रोगाच्या निदानासाठी. आज बाळ जन्माला येण्यापूर्वीही त्याची जनुके तपासता येतात. २०२३ च्या अखेरीस तर जनुकसंपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. तो अतिशय महागडा आहे, तो भाग वेगळा.

आता त्या मुलीच्या चिठ्ठीकडे परत येऊ. शिबिरात बहुधा विद्राव्यता चाचणी करतात. एका नळीत खास द्रावण असते. ते रक्तपेशी फोडते आणि हीमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेते. साधे हीमोग्लोबिन विरघळलेले राहते. सिकल हीमोग्लोबिन विरघळत नाही. द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. म्हणजे या चाचणीने विचारले काय? ‘या रक्तात सिकल हीमोग्लोबिन आहे का?’ बस, इतकेच. ते वाहकाच्या रक्तातही असते. तेव्हा ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रोगी असा अर्थ लावणे म्हणजे चाचणीने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या तोंडी घालणे होय. रोगी की वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा त्यासारखी दुसरी तपासणी केल्यावर ठरते.

तिथेही सावध राहावे लागते. रोग्याला नुकतेच दुसऱ्याचे रक्त दिले असेल, तर त्याच्या नमुन्यात दोन्ही हीमोग्लोबिन दिसतील आणि तो वाहक वाटेल. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हीमोग्लोबिन भरपूर असते, म्हणून त्याची विद्राव्यता चाचणी फसवू शकते. रक्त कधी घेतले, कोणाचे घेतले, हेही पद्धतीचाच भाग आहे.

आणि आजींच्या प्रश्नाचे काय? ती मुलगी वाहक असेल आणि जोडीदार वाहक किंवा रोगी नसेल, तर त्यांच्या अपत्याला हा रोग होणार नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस रोगी अपत्याची शक्यता चारांत एक. हे गणित दोघांच्या जनुकांचे आहे. मग तपासणीची चिठ्ठी मुलीकडेच का मागतात, मुलाकडे का नाही, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

काही शिक्षक म्हणतील, आमच्याकडे ना यंत्रे, ना वेळ. अभ्यासक्रमच पुरा होत नाही. त्यांची अडचण खोटी नाही. पण इन्ग्रॅम यांच्या कामातला अर्धा भाग कागदाचा होता, आणि कागद प्रत्येक शाळेत आहे. दोन निरनिराळ्या कंपन्यांची काळ्या शाईची, पाण्यात विरघळणारी स्केचपेने घ्या. टीपकागदाच्या दोन पट्ट्यांवर खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर एकेक ठिपका द्या. पट्ट्यांची टोके पेल्यातल्या थोड्या पाण्यात अशी बुडवा, की ठिपके पाण्याच्या वर राहतील. पाणी चढेल तशी शाई फाकेल आणि निळे, तांबडे, पिवळे पट्टे उमटू लागतील. दोन्ही पट्ट्या वाळवून वहीत चिकटवा. त्यांखाली लिहा, या प्रयोगाने शाईबद्दल काय सांगितले. आणि त्याच्या शेजारी, दुसऱ्या रकान्यात, काय सांगितले नाही तेही लिहा. हा दुसरा रकाना शिक्षकांनी जरूर तपासावा.