खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवू नका!



कोंबडी पंधरा-वीस अंडी घालते आणि एक दिवस एकदम थांबते. खुराड्यात ठाण मांडून बसते. हात लावायला गेलं की पिसं फुलवते, चोच मारते. मग घरात ओरडा होतो, "अगं, कोंबडी खुडूक झाली! आता अंडी बंद!" लगेच तिला बादलीत बुडवतात, पाय बांधून ठेवतात. कोणी तर तिच्या नाकात पीस खुपसतात. माझ्या मते हे चूक आहे. खुडूक होणे हा रोग नाही आणि वाईट खोडही नाही. तो गावरान कोंबडीचा गुण आहे.

कोंबडी मुद्दाम अंडी बंद करत नाही. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते. त्यामुळे अंडी थांबतात आणि तिला उबवायची ओढ लागते. बाळ झाल्यावर आईला दूध येते, तेही याच संप्रेरकामुळे. आता सांगा, आईपणाची शिक्षा कोणी देते का?

तिचे काम तरी बघा. २१ दिवस ती बसते. दिवसातून एखाद्या वेळी उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते आणि परत जागेवर. अंडी चोचीने सारखी फिरवते, म्हणजे पिल्लू टरफलाच्या आतल्या बाजूला चिकटत नाही. यंत्रात हेच करायला वीज लागते, ऊब साडेसदतीस अंशांच्या आसपास धरावी लागते, पाण्याची वाफ सांभाळावी लागते. आपल्या कोंबडीला ना वीज लागते, ना घड्याळ. शेवटी-शेवटी पिल्लू अंड्याच्या आतूनच चिवचिवते आणि ती बाहेरून त्याला साद देते.

व्हाइट लेगहॉर्न कोंबडी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. आपली गावरान देते साधारण साठ-सत्तर. पण जास्त अंड्यांसाठी माणसाने निवड करत करत लेगहॉर्नची खुडूक बसायची सवयच घालवली. वनराजा कोंबडीही सहसा बसत नाही. मग दर वेळी पिल्ले विकत आणा! मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळी कडकनाथ केवढी नावाजलेली! तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तीसुद्धा अंड्यांवर नीट बसत नाही. तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवून पिल्ले काढतात. म्हणजे नाव कडकनाथचे आणि कष्ट आपल्या गावरानचे!

आई-आजी म्हणतील, "बाळा, अंडी विकूनच मीठ-मिरची येते." ते खरे आहे. म्हणून हिशेब मांडून पाहू. समजा १२ अंडी बसवली आणि ९ पिल्ले निघाली. घार, मुंगूस, मांजर यांनी ४ नेली. तरी ५ उरतात. त्यातल्या दोन तलंगा जरी अंड्यांवर आल्या, तरी बंद पडलेली अंडी भरून निघतील. शिवाय बाकीचे कोंबडे विकता येतील.

पण बसवायचे तर नीट बसवावे. त्यासाठी एवढे करा :

१) घरात कोंबडा असेल तरच अंडी फळतात. आठवड्याच्या आतली, न तडकलेली १० ते १२ अंडी घ्या.

२) पाटीत राख टाकून वर गवत घाला. राखेमुळे उवा-पिसवा कमी होतात. पाटी अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. दाणा-पाणी जवळच हवे.

३) अंड्यांवर कोळशाने खूण करा. दुसऱ्या कोंबडीने मध्येच अंडे घातले तर ओळखू येते.

४) सातव्या दिवशी रात्री अंडे बॅटरीच्या उजेडावर धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू आहे. कोरे दिसले तर ते काढून टाका.

५) सोमवारी बसवली तर तीन आठवड्यांनी सोमवारच्या आसपास पिल्ले निघतील. टरफल आपण फोडू नका. पिल्लाला त्याचे काम करू द्या.

मे महिन्याच्या कडक उन्हात मात्र अंडी खराब होतात, तेव्हा बसवू नये. त्या वेळी तिची खुडूक मोडायचीच असेल, तर फटी असलेल्या खोक्यात ठेवून खोके दोन विटांवर सावलीत ठेवा. आत गवत घालू नका. दाणा-पाणी द्या. खालून हवा लागली की तीन-चार दिवसांत ती उठते. बुडवायची गरजच नाही.

आपल्या गावच्या कोंबड्या कोणत्या कारखान्यातून आल्या नाहीत. कोणीतरी खुडूक बसली, म्हणून आल्या. पाण्यात बुडवून आपण पुढची पिढीच बुडवतो. तेव्हा मित्रांनो, आज घरी जाऊन हे आईला वाचल्यासारखे सांगा. आणि पालकहो, वर्षातून एकदा तरी तिला बसू द्या, एवढीच विनंती.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी