प्रिया गेली, पुंजी राहिली

‘महाराष्ट्र स्कूटर्स’ म्हटले की चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना ‘प्रिया’ आठवते. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारी ही स्कूटर दारात येण्यासाठी नंबर लावून वाट पाहावी लागे. तिथले स्कूटरचे उत्पादन 2006 मध्ये बंद झाले. पुढे त्या कारखान्यात डाय, जिग, फिक्स्चर असली किरकोळ कामे होत राहिली. ज्या कंपनीचा मूळ धंदाच आटोपला, तिचा शेअर कोण विचारणार, असे कोणालाही वाटेल. बाजारात मात्र त्या शेअरचा भाव हजारोंमध्ये आहे.

याचे उत्तर साताऱ्यात नाही, कंपनीच्या ताळेबंदातील ‘गुंतवणूक’ या एका ओळीत आहे. महाराष्ट्र स्कूटर्सकडे जुन्या बजाज ऑटोचे 33,87,036 शेअर होते. 2008 मध्ये बजाज ऑटोची विभागणी झाली आणि एका शेअरचे तीन झाले. जुन्या कंपनीचे नाव ‘बजाज होल्डिंग्ज’ झाले, शिवाय नवी बजाज ऑटो आणि बजाज फिनसर्व्ह यांचाही एकेक शेअर हाती आला. 2010 मध्ये बजाज ऑटोने एकास एक बोनस दिला, म्हणजे तिथली संख्या दुप्पट झाली. यापेक्षा मोठे घबाड निघाले बजाज फायनान्समध्ये. त्या कंपनीचा सुमारे तीन टक्के हिस्सा आज महाराष्ट्र स्कूटर्सकडे आहे. स्वतः फारसे काही न बनवता, दुसऱ्यांच्या भरभराटीवर जगणारी ही गुंतवणूक कंपनी झाली. भागभांडवल जेमतेम 11 कोटी 43 लाख रुपयांचे आणि मालमत्ता हजारो कोटींची.

या दौलतीत एके काळी राज्याचाही वाटा होता. सत्तरच्या दशकात कंपनी स्थापन झाली ती पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीत. महामंडळाचे 27 टक्के, बजाजचे 24 टक्के, बाकी जनतेचे. 2003 मध्ये महामंडळाने आपला हिस्सा विकायचे ठरवले. करारानुसार खरेदीचा पहिला हक्क बजाजचा होता, पण भावावर एकमत होईना. लवाद नेमला गेला आणि निवृत्त न्यायमूर्ती अरविंद सावंत यांनी जानेवारी 2006 मध्ये शेअरमागे 151 रुपये 63 पैसे भाव ठरवला. महामंडळ न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी 2010 मध्ये निवाडा रद्द केला, खंडपीठाने 2015 मध्ये तो पुन्हा उभा केला आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही महामंडळाची हार झाली. त्याच वर्षी बजाज होल्डिंग्जने हा हिस्सा शेअरमागे सुमारे 232 रुपयांना घेतला. तेव्हा बाजारात हाच शेअर चार आकडी भावाने विकला जात होता.

आता नुसता लाभांश बघा. 2023-24 या एका वर्षासाठी महाराष्ट्र स्कूटर्सने शेअरमागे 110 रुपये अंतरिम आणि 60 रुपये अंतिम, असे एकूण 170 रुपये वाटले. लवादाने शेअरची जी पूर्ण किंमत ठरवली होती, त्याहून हा एका वर्षाचा लाभांश जास्त! महामंडळाकडे असलेल्या 30 लाख 85 हजार शेअरवर तो सुमारे साडेबावन्न कोटी रुपये झाला असता.

बजाजला दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी कराराने मिळालेला हक्क वापरला आणि न्यायालयाने तो मान्य केला. बजाज फायनान्स एवढी मोठी होईल, हे 2006 मध्ये कोणी छातीठोकपणे सांगू शकले नसते, हेही खरे. पण भाव एका तारखेचा आणि शेअरचे हस्तांतर तेरा वर्षांनंतर, ही तफावत करार करणाऱ्यांना सुचायला हवी होती. ‘हस्तांतराच्या दिवशीचा भाव’ एवढे शब्द करारात असते, तर वाद रेंगाळला तरी सरकारी तिजोरीला एवढी तोशीस पडली नसती.

सामान्य गुंतवणूकदारालाही यात शिकण्यासारखे आहे. होल्डिंग कंपनीचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या अशा कंपनीचा, शेअर तिच्या पोटातील मालमत्तेच्या निम्म्याहूनही कमी भावात मिळतो, म्हणून अनेकजण हुरळतात. हा ‘डिस्काउंट’ फुकटचा नसतो. प्रवर्तक ते शेअर सहसा विकत नाहीत आणि बाहेरच्या भागधारकाला त्यांना विकायला लावता येत नाही. मुंबईची एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स हे त्याचे टोकाचे उदाहरण. तिच्या पोटात एशियन पेंट्सचे शेअर, पुस्तकी मूल्य शेअरमागे पाच लाखांच्या वर, आणि बाजारातला शेवटचा भाव 3 रुपये 53 पैसे! सेबीने अशा कंपन्यांसाठी खास लिलावाची सोय केली आणि 29 ऑक्टोबर 2024 रोजी भाव थेट 2,36,250 रुपयांवर बंद झाला. वर्तमानपत्रांत मथळे झळकले. त्या शेअरवर तेव्हा मिळणारा वार्षिक लाभांश किती? 25 रुपये.

म्हणून होल्डिंग कंपनीचा शेअर घेताना आधी लाभांशाचा इतिहास पाहावा, मग प्रवर्तकांचा हिस्सा, आणि सर्वांत शेवटी तो डिस्काउंट. सरकारसाठीही एक मागणी आहे. राज्याच्या महामंडळांकडे कोणत्या कंपन्यांचे किती शेअर आहेत, त्यांचा आजचा भाव काय आणि ते विकण्याच्या अटी काय, याची यादी दरवर्षी अर्थसंकल्पासोबत विधिमंडळात मांडावी.