आगगाडी खेळण्यातली, पण रेग्युलेटर पारखून घ्या

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की घरात एक नवं खूळ शिरतंच. यंदा ते कदाचित रुळांवरून आलं असेल! अमेरिकेहून आलेल्या भावोजींनी पुतण्यासाठी विजेच्या आगगाडीचा संच आणला असेल, नाहीतर ‘ह्यांनी’च मुलाचं नाव पुढं करून आपली लहानपणची हौस भागवून घेतली असेल. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आलेली मुलं तर घरी येऊन गप्प बसतच नाहीत. शिवाय आपण अंधेरी-बोरिवलीची, मुलुंड-घाटकोपरची माणसं. लोकलचा भोंगा ऐकतच आपली मुलं मोठी होतात.

रूळ, इंजिन, डबे याची निवड मुलांवर सोपवा. पण गाडीचा वेग कमी-जास्त करणारी जी डबी असते, तो कंट्रोलर, त्याची निवड मात्र तुम्ही स्वतः करा. ‘त्यातलं मला काय कळतंय’ असं म्हणू नका. मिक्सर, इस्त्री, गिझर पारखून घेणाऱ्या बाईला हे अवघड नाही. आणि इथं प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. मुलं ज्या रुळांना हात लावणार, त्यांतूनच वीज वाहणार आहे.

आधी हे चालतं कसं ते पाहू. आपल्या भिंतीतली वीज २३० व्होल्टची आणि एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी. छोट्या आगगाडीला लागते फक्त १२ व्होल्ट आणि तीही डीसी, एकाच दिशेनं वाहणारी. एका रुळातून ती इंजिनात येते, दुसऱ्यातून परत जाते. व्होल्ट वाढवले की गाडी पळते, दिशा उलटी केली की गाडी मागं येते. गंमत म्हणजे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली तीही डीसीवरच, १५०० व्होल्टच्या. २०१६ पर्यंत मुंबईच्या सगळ्या लोकल २५,००० व्होल्ट एसीवर आल्या. खेळण्यातली गाडी मात्र बहुतेक घरी अजून डीसीवरच आहे.

आता पहिली गोष्ट : कंट्रोलरच्या पाठीवरची पट्टी चष्मा लावून वाचा. ‘इनपुट’समोर १०० ते २४० व्होल्ट किंवा २३० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर तो परदेशातून आलेला पाहुणा आपल्या बोर्डाला लावूच नका. पिन बसवायला अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण त्यानं पिन बदलते, व्होल्ट नव्हे! क्षणात धूर निघेल. अशा वेळी वेगळा ट्रान्सफॉर्मर शोधत बसण्यापेक्षा इथल्या विजेवर चालणारा कंट्रोलर घेणं बरं. ‘आउटपुट’समोर १२ व्होल्ट डीसी हवं.

दुसरी गोष्ट : अँपिअर. साधारण इंजिन पाव ते अर्धा अँपिअर खातं. प्लायवुडच्या एका फळीवर एकच गाडी गोल फिरणार असेल तर १ अँपिअरचा कंट्रोलर भरपूर झाला. दुकानदार डीसीसी नावाची महागडी पद्धत दाखवील. तीत एकाच रुळावर अनेक गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात, पण प्रत्येक इंजिनात वेगळी चकती बसवावी लागते. दिवाणाखाली सरकवायच्या मांडणीला एवढा थाट कशाला? पुढं सांधे बदलायला मोटर बसवायची असेल, तर त्यासाठी कंट्रोलरवर वेगळी जोडणी आहे का, तेवढं विचारून ठेवा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाडी घसरणार, चाक आडवं पडणार आणि दोन्ही रूळ जोडले जाणार, हे ठरलेलं. तेव्हा वीज आपोआप तोडणारा कटआउट कंट्रोलरमध्ये हवाच. दुकानातच दुकानदाराला रुळांवर क्षणभर स्टीलचा चमचा आडवा ठेवायला सांगा. दिवा लागून वीज तुटली आणि चमचा काढल्यावर गाडी पुन्हा चालली, तर कंट्रोलर पास!

मग बटण हळूहळू फिरवून पाहा. गाडी स्टेशन सोडणाऱ्या लोकलसारखी सावकाश निघायला हवी, बेडकासारखी उडी मारून नव्हे. अर्ध्या तासानं डबी कोमट लागली तर चालेल. चटका बसला किंवा जळका वास आला तर नको.

आणि एक ताकीद. घरातला एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘आई, पंख्याचा जुना रेग्युलेटर पडलाय, तोच जोडतो.’ मुळीच जोडू देऊ नका! पंख्याचा रेग्युलेटर वीज कमी करतो, पण घरच्या विजेपासून वेगळी काढत नाही. चांगल्या कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकमेकांना न चिकटता काम करतात, म्हणून रुळांना हात लागला तरी भिंतीतली वीज बोटांपर्यंत पोचत नाही. पंख्याच्या रेग्युलेटरनं ती पोचेल आणि जिवावर बेतेल. लॅपटॉपचा चार्जरही नको. तो बहुधा १९ व्होल्टचा असतो, त्यानं इंजिनाची मोटर जळेल.

पावसाळ्यात गाडी अडखळू लागली तर लगेच कंट्रोलरला दोष देऊ नका. दमट हवेनं आणि धुळीनं रुळांवर थर बसतो. प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ फडक्यानं रूळ पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सँडपेपर मात्र वापरू नका. त्याच्या चऱ्यांत मळ जास्त धरतो.

खरेदीला निघताना पर्समधल्या चिठ्ठीवर एवढंच लिहा : इनपुट २३०, आउटपुट १२ डीसी, १ अँपिअर, कटआउट, चमचा. प्लग लावणं-काढणं मोठ्यांचं काम आणि खेळ संपला की प्लग बाहेर, हा नियम पहिल्याच दिवशी घाला. मग तुम्ही स्वयंपाकघरात निर्धास्त आणि बाहेर गाडी वेळेवर!